पुलापलीकडचा

८ जानेवारी

भाऊजी,

फोनवर तुम्ही बोलता त्यातलं निम्मं मला ऐकू येत नाही, आणि जे ऐकू येतं त्याला मी भलतंच उत्तर देते. मागच्या खेपेला तुम्ही तब्येत विचारलीत आणि मी टोमॅटोचा भाव सांगितला. म्हणून हे पत्र. माझं अक्षर अजून शाबूत आहे.

बातमी चांगली नाही. आमचं सूतिकागृह बंद करायचं नगरपालिकेनं ठरवलंय. पाडून तिथे दुकानांची इमारत व्हायची आहे, खाली गाड्या लावायला जागा. माझ्या खिडकीतून ते फाटक रोज दिसतं, आणि त्या फाटकाच्या आत मी नोकरीची सगळी वर्षं काढली, हे तुम्हाला काय सांगायचं? तुमच्या दादांनी माझी ड्यूटी कुठल्या आठवड्यात दिवसाची आहे ते विचारून लग्नाची तारीख धरली होती. गावातल्या लोकांचं एक वेळ भागेल, त्यांच्या दारात गाड्या आहेत. पुलापलीकडच्या बायांनी कुठे जायचं? मोठ्या इस्पितळात पोचायला बस बदलावी लागते, आणि पोटातलं पोर बसचं वेळापत्रक बघून येत नाही.

वॉर्डात सध्या एकच नर्स उरली आहे. मी तिला धाकटी म्हणते. माझ्याच हाताखाली शिकली. ती कंत्राटावर, त्यामुळे तिला तोंड उघडायची चोरी. मग उघडणार कोण? मी. माझी पेन्शन कुणी काढून घेत नाही.

तुमच्याकडे वाचकांच्या पत्रांचं पान आहे ना अजून? सोबत एक पत्र जोडलंय. वशिला लावते आहे असं खुशाल समजा. हे असते तर नगरपालिकेच्या सभेत शेवटच्या रांगेतून उठून सगळ्या कारभाऱ्यांना घाम फोडला असता. ते नाहीत, म्हणून पेपर.

खोकला कसा आहे? औषध घेता, की नुसतं कपाटात सांभाळून ठेवता?

वहिनी


१५ जानेवारी

वहिनी, नमस्कार.

"संपादक महाशय, आपल्या लोकप्रिय दैनिकातून" ही तुमची सुरुवात वाचून मी एकटाच खो खो हसलो. दिराला महाशय म्हणताना हात नाही का अडखळला? "लोकप्रिय" तेवढं मी काढलं, वस्तुस्थितीला धरून नाही म्हणून. बाकी पत्र एक शब्दही न बदलता रविवारी छापतोय.

तुमच्या गावातला आमचा वार्ताहर गेल्या वर्षीच कमी केला, म्हणून ही बातमी इकडे आलीच नाही. आता तुमच्या गावाची बातमी म्हणजे नगरपालिका स्वतःच लिहून पाठवते ती. त्यात सगळं "नागरिकांच्या सोयीसाठी" असतं.

पान आहे, मीही आहे, दोघंही कोपऱ्यात. माझं टेबल आता पाण्याच्या यंत्राला खेटून आहे. पोरंपोरी पाणी प्यायला येतात, "काय आजोबा" म्हणतात आणि जातात. मी नोकरीला लागलो तेव्हा या पानासाठी पोस्टमन गोणी टाकून जायचा. शिपाई आणि मी जमिनीवर फतकल मारून पाकिटं फोडायचो. लोक कडाकडा भांडायचे वहिनी! रस्त्यावरच्या दिव्यांवरून, भटक्या कुत्र्यांवरून, नाटकाला उशिरा येणाऱ्यांना आत सोडावं की नाही यावरून. कधी विषय थंडावला तर आम्हीच एखादं पत्र टोपणनावानं ठोकून द्यायचो, मुद्दाम उलटसुलट लिहून. आठवड्याभरात खऱ्या वाचकांचा ढीग. त्याला कुणी खोटं म्हणत नव्हतं. विझत आलेल्या चुलीला फुंकर घालावी, इतकंच. आता असल्या उद्योगांचा उत्साह कुणाला आहे?

तुमच्या पत्रावर काही आलं तर दिसेलच.

खोकला कपाटात सांभाळून ठेवलाय. औषध मी घेतो.

भाऊजी


४ फेब्रुवारी

भाऊजी,

आलं की हो! रविवारी तुमच्या पानावर "पुलापलीकडचा" अशा सहीचं. मी चहा तसाच ठेवून दोनदा वाचलं. "रागावू नका, पण विचारतो: दुकानं आधी उघडायची आणि माणसं नंतर जन्माला यायची, असा नवा क्रम ठरलाय का?"

अंगावर काटा आला माझ्या. "रागावू नका, पण विचारतो" हे तर ह्यांचं! सभेत उठले की पहिलं वाक्य हेच, आणि मग समोरच्याला रागावल्यावाचून गत्यंतर नाही. हे गेल्यापासून त्या ढंगात मला कुणी काही विचारलं नव्हतं. चेहऱ्यासारखे चेहरे असतात, तसं बोलण्यासारखं बोलणंही असत असेल.

कोण आहेत हे गृहस्थ? पत्ता असेल तुमच्याकडे. पूल ओलांडला की वीटभट्टीची वस्ती आणि तिच्यामागे जुन्या चाळी, त्यात कुठे राहत असतील? धाकटीनं ते पत्र कापून वॉर्डाच्या फळ्यावर लावलं. ज्या बायांना वाचता येत नाही त्यांना ती मोठ्यानं वाचून दाखवते. काल म्हणाली, "सिस्टर, आपण दोघीच आहोत असं मला वाटत होतं." मी म्हटलं, आता तिघं झालो.

पत्ता कळवा.

वहिनी


१२ फेब्रुवारी

वहिनी,

पत्ता देता येत नाही. टोपणनावानं लिहिणाऱ्याचं नाव फोडायचं नाही, हा आमच्यातला जुना दंडक. तो मोडला तर उद्या लिहील कोण? गृहस्थ वयस्कर आहेत एवढं सांगतो. त्यांचं आणखी एक पत्र आहे, या रविवारी टाकतोय.

इकडे कचेरीत भिंतीवर एक मोठा पडदा लावलाय. कुठली बातमी किती जण वाचताहेत त्याचे आकडे त्यावर सारखे हलत असतात. वार्ताहर बाहेर पडतच नाहीत. मान वर करून पडदा बघतात आणि जे वर चढतंय त्यावर आणखी लिहितात. गेल्या महिन्यात इथे एक गिरणी बंद पडली. त्या दिवशी पडद्यावर सगळ्यांत वर होतं एका नटीचं हरवलेलं मांजर. मांजर सापडलं, तेही वर. गिरणीचं पुढे काय झालं ते मला अजून माहीत नाही, आणि मी त्याच पेपरात काम करतो.

आमचे नवे साहेब वयानं माझ्या निम्मे असतील. माणूस वाईट नाही, दार उघडून धरतो माझ्यासाठी. परवा म्हणाला, "आजोबा, तुमचं पान पडद्यावर दिसतच नाही हो." मी म्हटलं, कागदावर दिसतं. तो हसला, पण हसता हसता मोबाइलमध्ये काहीतरी टिपून घेतलं. एरवी आठवड्याला एखाददुसरं पत्र येतं, तेही बहुधा अंक उशिरा मिळाल्याचं. तुमच्या सूतिकागृहानं पानाला थोडी धुगधुगी आणली आहे. लिहीत राहा.

भाऊजी


६ मार्च

भाऊजी,

तुमचे गृहस्थ आता दर रविवारी येतात. गेल्या वेळचं वाचून मी मोठ्यानं हसले, एकटी. आणि शेवटचं वाक्य वाचून डोळे भरले: "फाटकाला हात लावाल तर आम्ही पुलापलीकडची माणसं फाटकाच्या आत उभी असू."

त्या वाक्यानं काय केलं ऐका. नगरपालिकेनं धाकटीकडे कागद पाठवला होता: वॉर्डातलं सामान हलवायला माझी हरकत नाही, अशी सही कर. बिचारी दोन दिवस जेवली नाही. मग रविवारचा पेपर घेऊन माझ्याकडे आली, ते वाक्य मला दाखवलं, आणि सोमवारी जाऊन "माझी हरकत आहे" असं लिहून सही करून आली. कंत्राटावरची पोर! मी तिला जवळ घेतलं. मला माझ्या नोकरीत हे जमलं नसतं.

आता नुसती पत्रं पुरे. येत्या पंधरवड्यात, रविवारी सकाळी, सूतिकागृहाच्या पायऱ्यांपाशी सभा ठेवते आहे. मंडपवाल्याकडून खुर्च्या सांगितल्यात. सोबत सभेचं पत्र जोडलंय, छापा. शेवटी मी मुद्दाम लिहिलंय की पुलापलीकडच्या गृहस्थांनी यावं आणि दोन शब्द बोलावेत. खरं सांगू? मला त्यांना बघायचंय. म्हाताऱ्या बाईचा हट्ट म्हणा.

वहिनी


१२ मार्च

वहिनी,

सभेची घाई करू नये असं मला वाटतं. पत्रांनी वातावरण तापतंय, आणखी थोडं तापू द्यावं. सभेचं काय, ऊन, पाऊस, कुणाच्या घरी लग्न, हजार भानगडी. तुमच्या गुडघ्यांचंही बघायला हवं.

पण तुम्ही ऐकणार नाही हे मला ठाऊक आहे. पत्र या रविवारी जातंय. त्याखालीच पुलापलीकडच्यांचं उत्तरही छापतोय. येतो म्हणतात. "एकटा नाही, वस्ती घेऊन येतो," असं लिहिलंय.

माझा इतक्या वर्षांचा अनुभव असा की कुणीतरी येतंय हे कळलं की लोक येतात. पहिला माणूस दिसला पाहिजे, मग दुसऱ्याला घरात बसवत नाही. ते अजून खरं असेल अशी आशा करू या.

भाऊजी


२६ मार्च

भाऊजी,

कुणी आलं नाही.

खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या रांगेत धाकटी आणि मी. धाकटी तिच्या कपड्यांना इस्त्री करून आली होती. समोरून लोक पिशव्या घेऊन बाजारात जात होते, आमच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत. माझ्या हातून ज्यांची बाळंतपणं झाली त्यांतल्या दोघी-तिघी दिसल्या. एकीनं रस्त्याच्या पलीकडूनच हात हलवला. नगरपालिकेचा एक माणूस मात्र वेळेवर आला, त्यानं फोटो काढले आणि गेला. मंडपवाला खुर्च्या न्यायला आला तेव्हा मला म्हणाला, "आजी, सभा कधी आहे?"

तो फोटो तुमच्याच पेपरात आला, बघितलात ना? रिकाम्या खुर्च्या आणि मागे आमचं फाटक. खाली लिहिलंय, नागरिकांचा विरोध नसल्याचं स्पष्ट. तुम्हाला दोष देत नाही, ते पान तुमचं नव्हे.

धाकटीचं कंत्राट संपवलं. कारण लिहून दिलं नाही.

मला दुसरीच काळजी लागून राहिली आहे. ते गृहस्थ येतो म्हणाले होते. असं लिहिणारा माणूस शब्द फिरवायचा नाही. आजारी पडले असतील, एकटे असतील. म्हणून मंगळवारी मी पूल ओलांडून गेले. भट्टीच्या वस्तीत दारोदार विचारलं, मग चाळींत. पेपरात लिहिणारे म्हातारे गृहस्थ कुठे राहतात? बायांनी पाणी दिलं, बसायला दिलं. कुणालाच माहीत नाही. एकीनं तर विचारलं, कुठला पेपर? तिकडे तुमचा पेपर जातच नाही म्हणे, बंद केलाय. मग ते वाचतात कुठे आणि लिहितात कसे?

दंडक राहू द्या बाजूला. निदान ते बरे आहेत ना, एवढं कळवा.

वहिनी


३० मार्च

वहिनी,

ते बरे नाहीत, आजारीही नाहीत. ते नाहीतच. पुलापलीकडचा म्हणजे मी.

तुमच्या पहिल्या पत्रावर एकही उत्तर आलं नाही. मी दोन आठवडे पत्रांची तारेची टोपली बघत होतो. वाटलं, जुन्या पद्धतीनं एक फुंकर घालावी, लोक पेटतील. एक लिहिलं. कुणी पेटलं नाही. मग दुसरं लिहिलं. पुढे पुढे माझ्या लक्षात आलं होतं की मी एका रिकाम्या खोलीत टाळ्या वाजवतोय, पण तोवर तुम्ही हसायला लागला होतात. आणि माझं पानही जगत होतं, तेही लपवत नाही. सभेच्या वेळी मला खरंच वाटलं की वस्ती येतेय असं वाचून वस्ती येईल. वस्तीत पेपर जात नाही हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडे ते माहीत असायला आता कुणी बाहेर जातच नाही.

दादांच्या ढंगाबद्दल. मला एक धीट आवाज हवा होता. माझा स्वतःचा या नोकरीत कधी तयारच झाला नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं सरळ केली. धीट म्हणून मला माहीत असलेला आवाज एकच. लिहायला बसलो की तो आपोआप यायचा, आणि खोटं कशाला बोलू, त्या वेळी मला दादा शेजारी बसल्यासारखं वाटायचं.

धाकटीला काय सांगायचं ते मला सुचत नाही. तुम्हाला तर नाहीच.

भाऊजी


२२ एप्रिल

वहिनी,

मागचं पत्र मिळालं असेल. उत्तराचा आग्रह नाही. इकडची हकिकत तुमच्या कानावर असावी म्हणून लिहितो.

माझं काम थांबलं. दर वर्षी करार वाढायचा, यंदा वाढला नाही. कागदी पेल्यातून चहा झाला, साहेब चार शब्द चांगले बोलले. "आजोबा, पान बंद करत नाही हां आम्ही," म्हणाले. मला बरं वाटलं. मग कळलं की आतापर्यंतची माझी सगळी पानं कॉम्प्युटरला घातली आहेत, तो तशीच पत्रं लिहून देतो. कौतुकानं मला एक करून दाखवलं. कुत्र्यांवर होतं. वाईट नव्हतं, हेच वाईट.

टेबलातून माझं सामान काढलं. चष्म्याचं जुनं घर, लाल पेन, टाचण्या. एका पिशवीत मावलं. निघताना पाणी प्यायला आलेली एक मुलगी म्हणाली, "काय आजोबा, आज लवकर?"

तुमचा राग मला मान्य आहे. पण गप्प बसू नका हो.

भाऊजी


१७ मे

भाऊजी,

रागावले होते. अजून आहे. धाकटी सामान बांधून तिच्या भावाकडे गेली, दुसऱ्या गावी. तिला मी खरं सांगितलं नाही. निरोप घेताना ती म्हणाली, "ते आजोबा भेटले तर माझा नमस्कार सांगा." तो तुम्हाला पोचता करते आहे.

तुम्ही खोटं लिहिलंत याचं मला तितकं वाटत नाही, माणूस मायेपोटीही खोटं बोलतो. पण मला वाटलं होतं की ह्यांच्यासारखा एक माणूस अजून कुठेतरी आहे. तो पुन्हा एकदा गेला.

आता कामाचं. वॉर्डाला कुलूप लागलंय. गेल्या गुरुवारी दुपारी पुलापलीकडची एक बाई कळा देत फाटकाशी आली. बंद झालेलं तिला माहीतच नव्हतं. कुलूप बघून पायरीवर बसली. मी खिडकीतून पाहिलं आणि तशीच धावले. गुडघे कुठे होते कुणास ठाऊक. हात अजून विसरलेले नाहीत, पण नुसत्या हातांनी भागत नाही. सगळं सामान कुलपाच्या आत होतं, मला कुठल्या कपाटात काय आहे तेही माहीत होतं. मूल राहिलं नाही. मुलगी होती. बाई वाचली.

हे खरं आहे. हे छापा. माझं नाव घाला, पत्ता घाला. यात ना टोपणनाव आहे ना कुणाचा ढंग.

वहिनी


२५ मे

वहिनी,

तुमचं पत्र घेऊन त्याच दिवशी कचेरीत गेलो. आत सोडायला आता पास लागतो. साहेब खाली आले, उभ्या उभ्या वाचलं. चेहरा उतरला त्यांचा. म्हणाले, "पडताळून घ्यावं लागेल." नगरपालिकेला फोन केला. तिकडून उत्तर आलं की अशा जन्माची किंवा मृत्यूची नोंद नाही. नोंद कुठे असणार? नोंद करणारं ठिकाणच कुलूपबंद. हे मी समजावून सांगितलं. त्यांना समजलं. तरी म्हणाले, नोंदीशिवाय छापलं तर उद्या पेपर अडचणीत येईल.

खोटं छापायला मला कधी पुरावा लागला नाही वहिनी. खरं घेऊन मी दुपारभर दारात उभा होतो. मग दुसऱ्या दोन पेपरांत गेलो. एकात ओळखीचं कुणी उरलेलं नाही. दुसऱ्यात कुणीच नाही, तिथे आता जिम आहे.

मी हात टेकले.

भाऊजी


२१ जून

भाऊजी,

सोबत कालच्या रविवारचं कात्रण. चष्मा लावून वाचा.

"रागावू नका, पण विचारतो: ज्या वॉर्डात पाळणा हलत नाही त्याच्या भिंतींना किती दिवस कवटाळायचं? बदल दारात येऊन उभा राहिलाय, त्याला पाणी तरी विचारा. नव्या इमारतीत आमच्या पोरांना काम मिळेल. आम्ही पुलापलीकडची माणसं स्वागताला फाटकाच्या आत उभी असू."

सही तीच.

हे तुम्ही लिहिलेलं नाही हे मला कळतं. इतकं कळण्याएवढी मी तुम्हाला ओळखते. पण "पाणी तरी विचारा" हे तुम्ही कधी लिहिलं होतंत? ते ह्यांचं आहे, घरातलं. दारात कुणी आलं की मला आतून ओरडून सांगायचे. म्हणजे तेही तुम्ही कधीतरी पानात घातलंत, आणि तिथून ते त्या यंत्राच्या हाती लागलं. ह्यांचं बोलणं तुम्ही घेतलंत, मी काही म्हटलं नाही, सख्ख्या भावाचा हक्क आहे. पण आता ते मी कुणाकडे परत मागायचं?

सही तेवढी बंद करायला सांगा. बाकी काही मागत नाही.

वहिनी


२९ जून

वहिनी,

गेलो होतो. सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, पेपरात छापलेलं सगळं पेपरचं. शिवाय त्या सहीला सध्या मागणी आहे. इतक्या वर्षांत माझं पान पहिल्यांदाच पडद्यावर दिसतंय. पुलापलीकडच्याला रोज पत्रं येतात. तो गावोगावच्या विषयांवर लिहितो, सगळीकडे त्याला कुठला ना कुठला पूल सापडतो. येणाऱ्या पत्रांतली किती माणसांनी लिहिलेली, ते मी विचारलं नाही.

शेवटी मी म्हटलं, अहो, तो आवाज माझ्या वारलेल्या भावाचा आहे. साहेबांना खरंच वाईट वाटलं, ते ढोंग नव्हतं. मग म्हणाले, "तरीच इतका खरा वाटतो."

त्यांनी माझ्यासाठी दार उघडून धरलं आणि मी बाहेर आलो.

तुम्ही पेपर बंद करा, वहिनी. मी केला. सकाळी जरा हात रिकामे वाटतात, पण जमतं.

भाऊजी


१४ जुलै

भाऊजी,

तुमचं ऐकायचं ठरवलं होतं. पेपर टाकणाऱ्याच्या दुकानात स्वतः चालत गेले, बंद कर म्हणून सांगायला. त्यानं विचारलं, "आजी, का हो?" म्हटलं, डोळे दमतात. तो म्हणाला, "मग रोजचा नको, नुसता रविवारचा घ्या." आणि मी हो म्हणून आले.

समोर पाडापाडी सुरू आहे. धूळ येते म्हणून खिडकी लावून घेते, दिवा लावते, आणि ते पान उघडते. तो असतोच. परवा कुठल्याशा शाळेबद्दल होतं, बंद करा म्हणून. त्यात काडीचंही खरं नाही, मला ठाऊक आहे. धाकटी आणि मी ज्यासाठी उभ्या राहिलो त्याच्या विरुद्ध आहे, तेही ठाऊक आहे. पायरीवरचं ते पोर माझ्या हातांतून अजून गेलेलं नाही. पण "रागावू नका, पण विचारतो" असं या घरात आता दुसरं कुणी मला म्हणत नाही.

मी वाचते, भाऊजी. वाचून रागावते, मनातल्या मनात उलट उत्तरंही देते, अगदी पूर्वीसारखी. मग घडी घालून ठेवते, आणि पुढच्या रविवारची वाट बघते.

वहिनी